आधी श्वास, मग शोभा : नाताळची कॅरोल गाणाऱ्या पुरुषांचा जुना इंग्लिश वेष

वाचकांचे प्रश्न, वेषभूषा विभागाची उत्तरं

यंदाच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे : नाताळात दारोदारी, चर्चच्या आवारात किंवा रंगमंचावर कॅरोल गाणाऱ्या पुरुषांसाठी व्हिक्टोरियन इंग्लंडचा वेष कसा जमवावा? म्हणून हा अख्खा अंक त्याच प्रश्नांना दिला आहे. शिवणाची मापं इंचात दिली आहेत, कारण शिंपी त्यातच बोलतात. टोपीची मापं मात्र सेंटिमीटरमध्ये आहेत.

प्रश्न : आमच्या गटात आठ पुरुष गायक आहेत. चित्रांत दिसतो तसा जुन्या इंग्लंडमधला वेष करायचा आहे. सगळ्यांनी काळा कोट आणि टॉप हॅट घातली की झालं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी दशक ठरवा. व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१ असा चौसष्ट वर्षांचा आहे आणि तेवढ्या काळात पुरुषांचे कपडे कितीतरी बदलले. कॅरोलवाल्यांची जी प्रतिमा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते ती १८४० च्या दशकाची. चार्ल्स डिकन्सची नाताळकथा १८४३ च्या डिसेंबरात आली, हेन्री कोल यांनी पहिलं नाताळचं भेटकार्ड छापून घेतलं तेही त्याच वर्षी, आणि राजघराणं सजवलेल्या नाताळवृक्षाभोवती उभं आहे हे गाजलेलं चित्र १८४८ चं. आमचा सल्ला असा, की १८४० चं दशक धरा आणि त्यातच राहा. हे ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बोलर हॅट, म्हणजे गोल माथ्याची कडक टोपी, १८४९ मध्ये जन्मली, म्हणजे ती नको. कानपट्ट्यांची शिकारी टोपी पुढच्या काळातली आणि तीही रानात घालायची. पांढरा बो-टाय आणि टोकं दुमडलेली कॉलर शतकाच्या शेवटाकडची. झिपर तर विसाव्या शतकातलं.

एका माणसाला लागणारे कपडे असे : लांब शेपटाचा पांढरा शर्ट, वेगळी लावायची कॉलर, क्रॅव्हॅट म्हणजे गळ्याभोवती गुंडाळायचा रुमाल, जाकीट (वेस्टकोट), गॅलिसवर (खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांवर) पेललेली उंच कमरेची पँट, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक कोट, टोपी, हातमोजे, मफलर आणि साधे काळे घोट्यापर्यंतचे बूट. बाजूला इलॅस्टिक असलेले बूट त्या काळाला चालतात. लंडनमध्ये ते १८३७ पासून बनत होते आणि आज कोणत्याही दुकानात मिळतात.

आता टोपीचं. आठही जणांना टॉप हॅट नको. तेव्हा उंच टोपी फक्त श्रीमंतच घालत असं नाही, गाडीवान घालत आणि लंडनचे पोलीस शिपाईही घालत. पण गल्लोगल्ली गाऊन चार पेन्स मिळवणारे बहुतेक गायक गरीब कामकरी होते. आठांपैकी तिघांना टॉप हॅट आणि फ्रॉक कोट द्या. तिघांना आखूड कोट, जाड कॉर्डरॉयची पँट, लोकरी मफलर आणि मऊ कापडी टोपी द्या. उरलेल्या दोघांना खांद्यावर झूल (आखूड केप) असलेला गाडीवानाचा लांब कोट द्या. गटाला जिवंतपणा येतो आणि खर्चही उतरतो. काळा रंगही सगळ्यांना नको. कोट गडद तपकिरी, बाटलीहिरवा, गडद निळा असे असू द्या. पँटी राखाडी किंवा चौकड्याच्या. जाकिटात मात्र हात सैल सोडा, कारण त्या दशकात पुरुषांची सगळी हौस जाकिटात होती.

इथे आपल्याकडचा एक धागा सहज जुळतो. काश्मिरी शालींवरची कोयरी तेव्हा ब्रिटनमध्ये इतकी लोकप्रिय झाली होती, की स्कॉटलंडमधल्या पेज़्ली गावचे विणकर तिची नक्कल करून शाली विणत आणि त्या गावाचंच नाव नक्षीला पडलं. त्यामुळे कोयरीच्या रेशमी कापडाचं जाकीट काळाला अगदी धरून आहे. घरातली विरलेली रेशमी साडी असेल तर तिच्या धड भागातून समोरचे दोन पल्ले निघतात. मागे अस्तर लावून घ्या. चकचकीत जरी तेवढी टाळा, दिव्यात ती गाणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त उठून दिसते.

प्रश्न : गेल्या वर्षी भाड्याने आणलेले कोट आणि जाकिटं दिसायला उत्तम होती. पण तिसऱ्या गाण्यापासून खर्जातल्या गायकांना दम पुरेना. माप तर बरोबर घेतलं होतं. चूक कुठे झाली? – कॅरोल गटाच्या संचालिका, ठाणे

उत्तर : चूक मापाच्या वेळेत आहे. शिंपी माप घेतो तेव्हा माणूस गप्प उभा असतो, श्वास उथळ असतो. गाताना तोच माणूस बरगड्यांच्या खालच्या भागात पूर्ण श्वास भरतो आणि छातीचा घेर दीड-दोन इंचांनी वाढतो. कमरेच्या वरचा, शेवटच्या बरगड्यांचा घेरही वाढतो, आणि जाकीट नेमकं तिथेच सर्वांत घट्ट असतं.

म्हणून गायकाचं माप दोनदा घ्या. एकदा श्वास सोडून, एकदा पूर्ण भरून. टेप छातीवर एकदा आणि बरगड्यांच्या तळाशी एकदा. दुसऱ्या वेळी गायकाला लांब सूर धरायला सांगा, नुसतं ‘श्वास घ्या’ म्हटलं तर लोक खांदे उचलतात आणि माप चुकतं. भरलेल्या श्वासाच्या मापात २ इंच मिळवले की जाकिटाचं तयार माप मिळतं. त्याच मापात साडेचार ते ५ इंच मिळवा, ते कोटाचं. उदाहरणार्थ, श्वास सोडून ३८, भरून ४० असेल तर जाकीट ४२ आणि कोट ४४½ ते ४५. शिंपी म्हणेल, ढगळ दिसेल. दिसू नये म्हणून जाकिटाच्या पाठीवर दोन पट्ट्या आणि बक्कल लावतात. तशी पट्टी त्या काळीही असे. तिच्यात आतून ३ इंच रुंद इलॅस्टिक घातलं की श्वासाबरोबर पाठ सैल होते आणि सूर संपला की पुन्हा बसते. समोरून कुणाला कळत नाही.

दुसरा अपराधी कमरेचा पट्टा. पट्टा पोटावर बसतो आणि पोटाला बाहेर यायला जागा देत नाही. जुन्या पँटला पट्ट्याचे लूप नसतातच, ती गॅलिसवर लटकते. पँटची कमर बेंबीच्या पातळीवर आणा, कमरेचं माप सव्वा ते दीड इंच सैल ठेवा आणि सहा बटणं लावा : समोर डाव्या-उजव्या बाजूला दोन-दोन, मागे दोन. चिमट्याचे गॅलिस घेऊ नका. हात वर झाला की चिमटा सुटतो, आणि तो नेहमी चालू गाण्यातच सुटतो. शिंप्याला ‘हाय वेस्ट’ एवढंच सांगून भागत नाही. बेंबीवर बोट ठेवून दाखवा. आजची पँट तिथून दोन-तीन इंच खाली बसते, आणि गायकाने वही उचलली की जाकीट आणि पँटच्या मधून पांढरा शर्ट डोकावतो. जुन्या वेषातली ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे.

तिसरी जागा गळा. कॉलरच्या आत दोन बोटं सहज फिरली पाहिजेत. गायकाला त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर लावायला सांगा. कंठमणी वर-खाली होताना कॉलरच्या कडेला घासत असेल तर कॉलर अर्धा इंच वाढवा.

चौथी जागा कुणी बघत नाही : मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक. मुंढा खोल, म्हणजे काखेच्या फार खाली गेलेला असेल, तर वही धरायला हात उचलताच अख्खा कोट वर ओढला जातो आणि छाती आवळते. लोकांना वाटतं मोठा मुंढा म्हणजे मोकळा हात. प्रत्यक्षात मुंढा काखेच्या जवळ, आटोपशीर असला तरच हात एकटा वर जातो आणि कोट जागेवर राहतो. भाड्याचा कोट निवडताना घालून हात छातीच्या उंचीवर धरा. खांदे आणि कॉलर उठली तर तो कोट परत करा, मग कितीही देखणा असो.

प्रश्न : मी शिंपीकाम करतो. फ्रॉक कोटाची ऑर्डर आली आहे, पण बजेट कमी आहे. जुन्या ब्लेझरचा फ्रॉक कोट होईल का? कापड किती लागेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : होईल, आणि चांगला होईल. नव्याने शिवायचा तर ५८ इंच पन्ह्याचं सुटिंग साधारण ३ मीटर लागतं, शिवाय अस्तर. जुन्या ब्लेझरवरून करायचा तर १¼ मीटर पुरतं.

ब्लेझर शक्यतो डबल-ब्रेस्ट, म्हणजे समोर दोन रांगा बटणांचा घ्या. सिंगलमध्ये खाली समोरच्या कडा गोल कापलेल्या असतात आणि फ्रॉक कोटाची कड सरळ खाली उतरते. माणसाला ब्लेझर घालून कमरेला सुतळी बांधा आणि तिच्या अर्धा इंच खाली खडूने सगळीकडून रेघ मारा. रेघेखाली अर्धा इंच माया (शिवणीसाठी जादा कापड) ठेवून कापा. खालचे खिसे त्याबरोबर निघून जातात, ते बरंच आहे.

आता घेर, म्हणजे कोटाचा कमरेखालचा भाग. तो दोन अर्ध्यांचा करायचा, डावा आणि उजवा. प्रत्येक अर्ध्याची वरची कड कोटाच्या अर्ध्या कमरेपेक्षा १ इंच जास्त ठेवा आणि तो इंच नितंबावर सैलसा बसवा, चुण्या पडू न देता. लांबी गुडघ्याच्या वाटीच्या वरपर्यंत, बहुतेकांना २० ते २२ इंच. वरची कड २० इंच असेल तर खालची ३२ च्या आसपास येऊ द्या. वरची कड सरळ कापू नका, हलकी कमानदार कापा. सरळ कापली की घेर बाजूंना खाली लोंबतो आणि समोर उचलला जातो. मागे मध्यभागी शिवण खालपर्यंत उघडी सोडा, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक आतली चुणी द्या आणि प्रत्येक चुणीच्या माथ्यावर, कमरेच्या शिवणीवर, एक बटण लावा. मिरवत जाणाऱ्या गायकांची पाठ लोक जास्त वेळ पाहतात. ती दोन बटणं नसली तर ब्लेझरला परकर जोडल्यासारखा दिसतो.

काळ्याला काळं जुळवायला जाऊ नका. दुकानातल्या दिव्यात सारखे वाटणारे दोन काळे उन्हात एक निळसर आणि एक लालसर निघतात. तपकिरी किंवा राखाडी ब्लेझर घ्या, घेर त्याहून एक छटा गडद ठेवा आणि कॉलरवर त्याच गडद रंगाचं मखमल चढवा. म्हणजे फरक मुद्दाम केलेला वाटतो. कोटाला मोठी पितळी बटणं लावण्याचा मोह होतो, पण तो बँडवाल्याचा वेष होतो. कापडाने मढवलेली, पाऊण इंचाची बटणं लावा.

पँटला समोर बटणांची पट्टी द्या. खाली दुमड नको. इस्त्रीची धार तर अजिबात नको, ती रीत शतकाच्या शेवटी आली. पँट शिवणींवर शिवण ठेवून चपटी इस्त्री न करता आत टॉवेलची गुंडाळी घालून गोल इस्त्री करा. जाकिटाची सगळी बटणं लावायची. खालचं बटण मोकळं सोडण्याची फॅशन नंतरची आहे.

प्रश्न : शर्टाला वेगळी कॉलर म्हणजे काय? आणि सॅटीनचा क्रॅव्हॅट सतत सुटतो. – एक वाचक, नागपूर

उत्तर : शर्टासाठी बाजारात शोधाशोध नको. आपला पांढरा सुती नेहरू शर्ट घ्या : डोक्यातून घालायचा, छातीपर्यंत बटणपट्टी, उभी पट्टी, लांब शेपूट. त्या काळचा शर्ट याच घडणीचा होता. बाहीला मात्र कफ हवा, नसेल तर लावून घ्या.

सुटी कॉलर ही युक्ती १८२७ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यू या गृहिणीच्या नावावर आहे. रोज अख्खा शर्ट धुण्याऐवजी तेवढी कॉलर धुवायची. तुमच्यासाठी : पांढऱ्या पॉपलीनचे दोन थर, मध्ये चिकटणारं बकरम (कडकपणा देणारं जाड कापड), लांबी गळ्याच्या मापापेक्षा दीड इंच जास्त, मागे उंची पावणेदोन इंच आणि समोर टोकाशी अडीच इंच. टोकं गालाकडे वर उभी राहतात. शर्टाच्या पट्टीवर मागे एक आणि समोर एक बटण लावून कॉलर अडकवा. साबुदाण्याच्या खळीने कडक केलेली कॉलर सुंदर उभी राहते, पण दमट हवेत घामाने तासाभरात मान टाकते. मुंबई-कोकणात चिकट बकरमच वापरा.

क्रॅव्हॅट सुटतो तो कापडामुळे. सॅटीनला सॅटीन धरत नाही. मलमल, सुती-रेशीम किंवा मऊ टसर घ्या. १.७ मीटर लांब, ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून लांबीने तीन पट्ट्या निघतात, म्हणजे तिघांचे क्रॅव्हॅट. पट्टी तिपदरी दुमडा, मधला भाग गळ्यावर समोर ठेवा, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणा आणि कॉलरच्या खालच्या कडेशी, कंठमण्याच्या खाली, सैल गाठ किंवा चपटी बो बांधा. गाठ कंठावर आली तर प्रत्येक गिळण्याला ती जाणवते. आतून एक टाका घालून टोकं शर्टाला अडकवून ठेवा.

प्रश्न : टॉप हॅट घरी बनवता येईल का? पुठ्ठ्याची केली तर एका रात्रीत वाकडी झाली. – एक वाचक, नाशिक

उत्तर : पुठ्ठा आणि साधं बकरम दोन्ही ओलाव्याने मऊ पडतात, कारण दोन्हींचा कडकपणा ओलाव्यात टिकत नाही. कपाळाच्या घामानेच काठ लोळतो. ५ मिलिमीटर जाडीची ईव्हीए फोम शीट वापरा, हलकी असते, पाणी पीत नाही.

डोक्याचा घेर भुवयांच्या दोन बोटं वरून मोजा. ५७ सेंमी आला असं धरू. बाजूची भिंत : लांबी ५९½, उंची १५ सेंमी. अडीच सेंमी जास्त घेण्याचं कारण फोमची जाडी : गोल केल्यावर आतला घेर जवळपास १.६ सेंमीने कमी होतो, आणि उरलेली जागा आतल्या घामपट्टीला लागते. हे विसरलं की टोपी डोक्यावर न बसता डोक्यावर ठेवल्यासारखी दिसते. सगळ्यात जास्त टोप्या याच एका कारणाने फुकट जातात. माथा : लंबगोल, १८ × २१ सेंमी. डोकं गोल नसतं, म्हणून माथाही गोल कापू नका, नाहीतर कपाळावर दाब आणि कानांपाशी फट. काठ : बाहेरून २८ × ३१, आतलं भोक १७ × २० सेंमी.

जोडणीला काँटॅक्ट सोल्यूशन. दोन्ही कडांना लावा, दहा मिनिटं सुकू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच, नेमकं जोडा. ओलं असतानाच जोडलं तर धरत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्याला चढतो. आधी भिंतीची दोन टोकं टोकाला टोक लावून जोडा, मग तिच्यावर माथा, मग खाली काठ.

काठाच्या बाहेरच्या कडेला २ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार बसवा. तार ९७ सेंमी कापा, टोकं ४ सेंमी एकमेकांवर घेऊन त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. तारेशिवाय काठाला बाजूंनी वर आणि पुढे-मागे किंचित खाली असा बाक येत नाही, आणि त्या बाकाशिवाय ती टॉप हॅट नव्हे, उलटं ठेवलेलं भांडं दिसतं.

मढवायला ४४ इंच पन्ह्याचं ६० सेंमी मखमल किंवा लोकरी फेल्ट पुरतं. मखमलीची लव भिंतीवर वरून खाली येऊ द्या. सगळ्या तुकड्यांवर आधीच खडूने बाण काढून ठेवा. एक तुकडा उलटा लागला तर उजेडात तो वेगळ्या रंगाचा दिसतो. माथा, भिंत, मग काठाचा वरचा आणि खालचा थर या क्रमाने लावा. भिंत आणि काठाच्या सांध्यावर ४ सेंमी रुंद पट्टी फिरवा. शेवटी आत सुती घामपट्टी हाताने शिवा. होली म्हणजे लाल फळांची हिरवी डहाळी पट्टीत खोचायची तर एकच आणि लहान. ती मूळ पोशाखाचा भाग नव्हे, नाताळचा साज आहे.

घालताना काठ भुवयांवर दोन बोटं असू द्या. पुढे झुकली की स्टेजवर डोळ्यांवर सावली पडते आणि संचालकाचा हात दिसत नाही.

प्रश्न : आमच्याकडे डिसेंबरातही रात्री घाम येतो. एवढे थर कसे घालायचे? – एक वाचक, वसई

उत्तर : थर दिसले पाहिजेत, असले पाहिजेत असं नाही. जाकिटाची पाठ जाळीदार सुती करा. कोट हलक्या लोकर-मिश्रणाच्या सुटिंगचा घ्या आणि अस्तर फक्त खांद्यांना व बाह्यांना लावा. पूर्ण पॉलिएस्टर अस्तर हाच खरा उकाडा. शर्टाला बाह्या आणि समोरचा भाग पूर्ण, पाठ पातळ मलमलीची. मफलर गळ्यात न गुंडाळता दोन्ही खांद्यांवरून समोर सोडा. हनुवटीवर आलेला मफलर उष्णता तर वाढवतोच, शिवाय शब्दही गिळतो. दोन कार्यक्रमांच्या मध्ये कोट काढून ठेवा, पण क्रॅव्हॅट तसाच राहू द्या. पुन्हा बांधायला वेळ लागतो.

प्रश्न : आम्ही इथल्या शेजाऱ्यांच्या कॅरोल गटात गातो. शून्याखाली थंडी, कधी बर्फ. झुलीचा कोट हवा आहे. – मराठी मंडळातले दोघे, न्यू जर्सी

उत्तर : जाड स्वेटर घालू नका, छातीचं माप बिघडतं. अंगालगत पातळ लोकरी बनियन, वर शर्ट, जाकीट, मग कोट. तुमच्याकडचा कोणताही गुडघ्यापर्यंतचा लोकरी ओव्हरकोट झुलीने त्या काळात जातो.

झूल अर्धवर्तुळाची करायची चूक बहुतेक जण करतात. गळा १८ इंच धरला तर अर्धवर्तुळाची त्रिज्या पावणेसहा इंच येते, आणि गळ्यापासून ७ इंचांवर, जिथे खांदे सर्वांत रुंद असतात तिथे, तिचा घेर ४० इंचच भरतो. कोट घातलेल्या पुरुषाचे खांदे ४८-५० असतात. झूल खांद्यांवर अडकते, हात बांधले जातात. पाऊण वर्तुळ घ्या : त्रिज्या पावणेचार इंचांहून जराशी जास्त, आणि त्याच जागी घेर ५१ भरतो.

५८ इंच पन्ह्याचं लोकरी कापड १.१५ मीटर घ्या. ४४ इंचांचा चौकोन काढून त्याची चार पदरी घडी घाला. घडीच्या कोपऱ्यातून शिवणीची माया धरून साडेतीन इंचांवर गळ्याची कमान आणि २१¾ इंचांवर खालची कमान काढा. कापून उघडलं की पूर्ण वर्तुळ. त्यातला एक चतुर्थांश काढून टाका, पण दोन्ही कडांना दीड-दीड इंच आत दुमडायला सोडून. उरलेल्या बाजूच्या पट्टीतून कॉलर निघते. लगेच तुरपाई करू नका. झूल हँगरवर एक दिवस टांगून ठेवा. उरेब, म्हणजे तिरका, पडलेला भाग ताणून खाली येतो, मग कड सारखी कापून तुरपा.

बर्फात मखमली टोपी भिजते, फेल्टची टिकते. हातमोजे बोटांची टोकं उघडी असलेले, पानं उलटायला.

प्रश्न : आम्ही मराठी नाताळगीतं गातो, टाळ-तबल्यावर. आम्हीही इंग्लिश वेषच करावा का? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. गाणं ज्या भूमीचं, वेष त्या भूमीचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) काळातली मराठी ख्रिस्ती भजनं गायची तर धोतर, अंगरखा किंवा लांब बंद गळ्याचा कोट, उपरणं आणि पगडी हाच खरा पोशाख. मापाचा नियम तोच : अंगरख्याचे बंद पूर्ण श्वास भरून बांधा. पगडी बांधीव असेल तर तिलाही आत सुती घामपट्टी लावा. एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रकारची गाणी असतील तर मध्ये वेष बदलू नका, दोन गट करा.

प्रश्न : कंदील खरा मेणबत्तीचा चालेल का? आणि वेष पुढच्या वर्षीपर्यंत कसे जपावेत? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कंदील जुना घ्या, ज्योत नको. गर्दीत मफलरची झालर काचेपाशी जाते आणि पॉलिएस्टर पेटण्याआधी वितळून कातडीला चिकटतं. पिवळसर उजेडाचा एलईडी दिवा आत बसवा, खोक्यावर २७०० के (उजेडाच्या रंगाचा आकडा, केल्विनमध्ये) लिहिलेला. पांढरा-निळा उजेड सगळा काळ पुसून टाकतो. कंदील काठीवर, डोक्याच्या वर धरा म्हणजे वह्यांवर उजेड पडतो. मनगटी घड्याळ काढा, हवं तर जाकिटाच्या खिशात साखळीचं घड्याळ.

कार्यक्रम झाला त्याच रात्री कोट आणि जाकीट उलटं करून वाऱ्यावर टांगा. काखांवर निम्मं सर्जिकल स्पिरिट आणि निम्मं पाणी फवारा, पण आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग जातो का बघा. रेशमावर फवारू नका. पुढच्या खेपेपासून काखेत सुटे सुती पॅड टाचून ठेवा, तेवढेच धुवायचे. टोपीच्या आत कागदाचे बोळे भरा आणि ती माथ्यावर उलटी ठेवा, काठावर नाही, नाहीतर तारेचा बाक सपाट होतो. लोकरीचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पावसाळ्यात बुरशी धरतात. जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळा, कडुलिंबाचा वाळलेला पाला सोबत ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा बाहेर काढा. तेव्हाच सगळ्यांची मापं पुन्हा घ्या, भरल्या श्वासाची.